ठिपकीचं अक्षर

लिफ्टवाला राहायचा त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि संध्याकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून चार मजले पायी चढायचे, असा त्याचा रोजचा शिरस्ता. "दिव्याखाली अंधार," शेजारी म्हणायचे. "अंधार बरा, तो निदान चढावा लागत नाही," असं त्याचं ठरलेलं उत्तर. या विनोदाला त्याची बायको आणि लेक वर्षानुवर्षं न हसता दाद देत आल्या होत्या.

लेकीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. घरात ती ठिपकी. अनुस्वार द्यायला शिकली तेव्हा तिला त्याची इतकी गोडी लागली, की दिसेल त्या अक्षराच्या डोक्यावर ती टिंब देत सुटली. आंईं, बांबां, पांणीं. "या पोरीला कायमचीच सर्दी झालीय," बाप म्हणाला, आणि तेव्हापासून नाव पडलं ते पडलं.

पुढे ही ठिपकी अक्षरंच शिकायला कॉलेजात गेली. अक्षरं काढायचंही कॉलेज असतं, ही लिफ्टवाल्याला नवलाची गोष्ट वाटली. "आम्ही तर ती चौथीतच उरकली होती," तो म्हणाला. पण पोरीनं दारावरची पाटी नव्यानं रंगवली तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून तो ती दाखवत असे.

आई एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला होती. तळघरात मोठाली यंत्रं, वाफ, आणि चादरींचे ढीग. तापलेल्या रोलरमध्ये एका बाजूनं ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूनं कडक इस्त्रीची बाहेर घ्यायची. चष्मा कधीचाच लागला होता. पण वाफेनं काचा धुरकटतात म्हणून ती तो कामावर नेतच नसे. मग जेवणाच्या सुट्टीत फोन कधी हातभर लांब धर, कधी नाकाला लाव, असं चालायचं. तळघरात रेंज नव्हती. सुट्टीत वरच्या अंगणात आलं, की सकाळपासूनचे सगळे मेसेज एकदम टणाटण येऊन पडायचे, आणि त्यातला एकही धड वाचता यायचा नाही.

एका सुट्टीच्या दुपारी ठिपकी आईचा फोन घेऊन बसली. आधी तिनं अक्षर वाढवत वाढवत शेवटच्या टोकाला नेलं. घड्याळाचे आकडे दोन ओळींत तुटले आणि ‘मेसेज’मधला ‘ज’ पडद्याबाहेर गेला.

"नाकापेक्षा मोती जड झाला," आई म्हणाली.

"थांब गं, एक पायरी खाली आणते. आता ठळक करते. आता बघ."

"दिसतंय! अगं, खरंच दिसतंय."

"आणि हे सगळं काय आहे? हवामान, शेअरबाजार, गेम... यातलं निम्मं तू जन्मात उघडणार नाहीस." ठिपकीनं पडद्यावरची गर्दी झाडून टाकली. मोजकी चार-सहा चित्रं ठेवली आणि तीही स्वतःच्या हातची. फोनसाठी जुना काळा रिसीव्हर, मेसेजसाठी पाकीट, कॅमेऱ्यासाठी पापण्यांचा डोळा. बाबांचा नंबर म्हणजे एक पाना.

"मी पाना?" लिफ्टवाला म्हणाला.

"मग काय हिरा?" दोघी एकदमच म्हणाल्या.

त्यानंतर तिनं खरी करामत केली. कॉलेजात तिनं आपल्या हस्ताक्षराचा फॉन्ट बनवला होता. एकेक अक्षर कागदावर शाईनं काढायचं, त्याचा फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचा, कडा घासूनपुसून नीट करायच्या, मग काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं असं बरेच महिने चाललं होतं. तो फॉन्ट तिनं कसल्याशा अ‍ॅपमधून आईच्या फोनवर चढवला. सेटिंग, डिस्प्ले, अक्षरशैली, आणि ‘लागू करा’. पडदा क्षणभर काळा झाला, आणि परत आला तेव्हा सगळा फोन ठिपकीच्या अक्षरात होता. पाय जरा पुढं टाकून उभा राहिलेला ल, पोटुशी ब, आणि भरीव टिंबाऐवजी बारीकसं पोकळ वर्तुळ असलेला अनुस्वार. वार, तारीख, बॅटरी किती उरली, सगळं जणू तिनं नुकतंच पेन टेकवून लिहिलेलं.

"आता तुला जगात कुणीही काहीही लिहू दे," ठिपकी म्हणाली, "वाचताना माझंच वाचायचंस."

"सगळी अक्षरं केलीस?"

"ऋ राहिलाय, आणि त्याची ती खालची वाटी. कंटाळा आला. करीन कधीतरी. कुणाला लागतो गं ऋ?"

आईनं हॉस्पिटलात सगळ्यांना फोन दाखवला. तो इतका मिरवला, की धुलाईखान्यातल्या बायका म्हणाल्या, "आता आमच्या चादरींवरही तिच्याकडनं लिहून घे."

मग त्या वर्षीचा ताप आला. कसला ताप ते शेवटपर्यंत कुणाला नीट सांगता आलं नाही. डॉक्टर एक नाव घ्यायचे, तपासणीत दुसरंच निघायचं. ठिपकीला त्याच हॉस्पिटलात ठेवलं. आई खाली तळघरात, लेक वर वॉर्डात. रजा मिळेल तेवढी आईनं घेतली. ती संपल्यावर कामाच्या मधून मधून वर धावत राहिली. त्या सकाळी ताप उतरला, ठिपकीनं दोन घोट चहा घेतला, नर्स म्हणाली, आज बरं आहे. म्हणून आई खाली गेली. आणि दुपार व्हायच्या आत सगळं फिरलं. लिफ्टवाला एका हातानं पोरीचा हात धरून दुसऱ्या हातानं फोन लावत राहिला. तळघरात फोन लागत नव्हता. शेवटी कुणाला तरी खाली पिटाळलं. आई जिन्यानं धापा टाकत वर आली तेव्हा पडदा ओढलेला होता.

"कशी गेली?" तिनं विचारलं.

"शांत गेली," लिफ्टवाला म्हणाला. "झोपेतच."

आल्यागेल्याला त्यानं तेच सांगितलं. सांगून सांगून ते वाक्य गुळगुळीत झालं. बायकोनं पुन्हा काही विचारलं नाही.

लोकांचे सांत्वनाचे मेसेज येऊ लागले, आणि आपण काय करून बसलो आहोत हे त्या घराला तेव्हा कळलं. आईच्या फोनवर मेसेज यायचे ते ठिपकीच्या अक्षरात. ‘बातमी ऐकून धक्का बसला.’ ‘इतकी गुणी मुलगी.’ ‘तुमच्या दुःखात सहभागी आहोत.’ पोरीनं स्वतःच्याच हातानं, पोकळ अनुस्वार देऊन, आपलंच दुःख कळवावं तसं. मावशीचा मेसेज आला, ‘ठिपकीच्या मृत्यूनं आम्ही सगळे खचलो आहोत.’ आईनं फोन नवऱ्यापुढं धरला.

"बघा."

"नको वाचूस आता."

"बघा तरी. सगळं तिनं लिहिलंय. हा ‘मृ’ तेवढा तिचा नाही."

खरंच नव्हता. ठिपकीनं ऋची वाटी केलीच नव्हती. तिथं फोननं आपलं स्वतःचं छापील अक्षर बसवलं होतं. एका ओळीत सगळी वळणदार अक्षरं, आणि मधेच तो परका, ताठ ‘मृ’. आई त्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे तिनं लिहिलेलं नाही." आणि असं म्हणाली, की जणू एवढ्यानं काही सिद्ध होत होतं.

ती कामावर जाऊ लागली. ज्या वॉर्डात पोर गेली तिथल्याही चादरी खाली तिच्याच रोलरवर येत. घरी आली की फोन घेऊन बसे. वाट्टेल ते वाचत बसे. कर्जाच्या जाहिराती, वीजकंपनीचे निरोप, ‘तुमचा पासवर्ड कुणालाही सांगू नका’. नवरा काही बोलला तर भिंतीशी बोलल्यासारखं. जेवण तर सुटलंच. डबा जसा जाई तसाच परत येई. कपडे अंगावर हँगरला टांगल्यासारखे दिसू लागले.

एके दिवशी लिफ्टवाला एका ऑफिसच्या गच्चीवरल्या मशीनच्या खोलीत बसला होता. दोरखंडाला ग्रीस लावून झालं होतं, मालकाच्या माणसाची वाट बघायची होती. सहज त्यानं फोन काढला आणि बायकोला गेलेले मेसेज उघडले. त्याच्या बाजूला, म्हणजे त्यानं पाठवलेले म्हणून, असे मेसेज होते जे त्यानं कधीच लिहिले नव्हते.

‘आई, आज डब्यात काय ए?’

‘माझी निळी ओढणी कुठं ठेवलीस?’

‘आई, उशीर होईल गं, वाट बघू नको.’

रोज सकाळी एक. आधी त्याला कळेना. मग कळलं, आणि तो होता तिथंच ग्रीसच्या डब्यावर बसून राहिला. रोज सकाळी तो अंघोळीला गेला की बायको त्याचा फोन उचलत होती, त्यावरून आपल्याच फोनवर मेसेज पाठवत होती, आणि दुपारी तळघरातून वर येऊन तो ठिपकीच्या अक्षरात वाचत होती.

संध्याकाळी घरी जाऊन बोलायचं त्यानं ठरवलं. ताट वाढलं, समोरासमोर बसले, तिनं एक घास घेऊन दुसरा तसाच ठेवला, आणि त्यानं नुसतीच आमटी तिच्याकडं सरकवली. दुसऱ्या दिवशी दुपारी, तिच्या सुट्टीच्या वेळेला, त्यानं स्वतःच लिहिलं, ‘आई, डबा खा. सगळा.’

पाठवल्यावर चोरी केल्यासारखं वाटलं. पण त्या संध्याकाळी डबा रिकामा आला.

मग हे रोजचंच झालं. सकाळचे मेसेज थांबले. दुपारचे तो पाठवू लागला. ‘आई, गोळी घेतलीस का?’ ‘आई, जरा उन्हात बस.’ ‘आई, आज लवकर झोप.’ नवऱ्यानं शंभरदा सांगून जे झालं नसतं ते त्या एका ओळीनं व्हायचं. ती गोळी घ्यायची, उन्हात बसायची, वेळेवर दिवा मालवायची. तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. घरात मात्र दोघं ताकास तूर लागू देत नव्हते. ती सांगायची नाही की मेसेज आला, तो विचारायचा नाही की वाचलास का. ठिपकी दुपारपुरती जिवंत व्हायची, आणि तेवढ्यावर घर चाललं होतं. त्याला कधीकधी वाटायचं, आपण बायकोला सावरतोय. कधी वाटायचं, आपण तिला बोट धरून विहिरीच्या काठावर नेतोय. पण डबा रिकामा येत होता, आणि थांबायचं धाडस त्याला होत नव्हतं.

तोवर तिनं उत्तर असं कधी पाठवलं नव्हतं. एका दुपारी आलं. लिफ्टवाला तेव्हा बंद पडलेल्या लिफ्टच्या टपावर, अंधाऱ्या उभ्या बोगद्यात, कपाळाला बॅटरी बांधून उभा होता. खिशात फोन थरथरला. त्यानं हात पुसून बघितलं.

‘शेवटी फार दुखलं का गं तुला?’

खालून वॉचमन ओरडला, "काका, झालं का?" त्याला ऐकूच आलं नाही. त्यानं ‘नाही’ लिहिलं. ही दोन अक्षरं तिच्या फोनवर कुणाच्या हाताची दिसतील हे डोळ्यांपुढं आलं, आणि ती पुसली. ‘हो’ लिहिलं. तेही पुसलं. शेवटी, काहीतरी गेलं पाहिजे म्हणून लिहिलं, ‘आई, डबा खा.’

दोन दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा आला. नंतर पुन्हा. शब्द तेच. आणि तो दर वेळी काहीतरी भलतंच लिहायचा. ऊन आहे, छत्री ने, पाणी पी. चोराच्या मनात चांदणं तसं त्याचं झालं. घरात ती नुसती ‘ऐका ना’ म्हणाली तरी तो दचकायचा.

आणि मग ती संध्याकाळ आली. दार उघडंच होतं. आई टेबलाशी बसली होती, फोन समोर, हात मांडीवर. लिफ्टवाल्यानं पिशवी खाली ठेवली.

"काय झालं?"

"गेली," ती म्हणाली.

"कोण गेली?"

तिनं फोन पुढं सरकवला. पडद्यावर रंगीबेरंगी चित्रांची गर्दी होती. हवामान होतं, शेअरबाजार होता, गेम होते. ठिपकीचा काळा रिसीव्हर नव्हता, पापण्यांचा डोळा नव्हता. आणि सगळी अक्षरं बारीक, सरळ, छापील, कुणाच्याही फोनवर असतात तशी.

"तू काय केलंस?" तो जवळजवळ ओरडलाच.

"मी नाही केलं. तिनं सांगितलं."

"कुणी?"

"तिच्या अक्षरात आलं होतं. अपडेट तयार आहे, आता करा. कालही आलं होतं, परवाही. दर वेळी नंतर, नंतर म्हणत होते. आज वाटलं, पोर इतकं सांगतेय..."

लिफ्टवाला खुर्चीत बसला. "अगं, ठिपकी तुला ‘करा’ म्हणेल का? आईला कुणी अहो-जाहो करतं?"

"मला वाटलं, रागावली असेल," ती म्हणाली. "सारखं सारखं तेच विचारते म्हणून."

अक्षर म्हणेल ते ऐकायची सवय तिला कुणी लावली होती? जेव म्हटलं की जेव, झोप म्हटलं की झोप. त्यानंच. त्यात फोनच्या कंपनीचा निरोपही तिनं तसाच ऐकला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी काम सोडून तो फोन घेऊन हिंडला. पहिल्या दुकानातल्या मोबाइलवाल्यानं सेटिंगमध्ये बोट फिरवून मान हलवली. "नवीन सिस्टीम आलीय, काका. बाहेरचा फॉन्ट आता ही घेतच नाही. ते अ‍ॅपही बंद पडलं."

"जुनी सिस्टीम परत घाला."

"मागं जाता येत नाही. आणि गेलो तरी फोन पूर्ण पुसावा लागेल. तो फॉन्ट तुमच्याकडं आहे का वेगळा?"

नव्हता. दुसऱ्या दुकानातही तेच उत्तर मिळालं, तिसऱ्यात जरा उर्मटपणे मिळालं. मग तो ठिपकीच्या कॉलेजात गेला. तिची एक मैत्रीण होती, जाड भिंगांची, घरी यायची तेव्हा सगळे तिला चष्मिश म्हणायचे. त्याला बघून ती उभीच राहिली. ज्या कॉम्प्युटरवर ठिपकी काम करायची तो नव्या मुलांसाठी केव्हाच साफ केला होता, ती म्हणाली. पण माझ्याकडं बघते, असंही म्हणाली. बरंच शोधल्यावर तिला एक फाइल मिळाली, सुरुवातीची. त्यात नुसती व्यंजनं होती. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. चष्मिशनं त्यात ‘आई, जेवलीस का’ असं लिहून बघितलं. पडद्यावर ठिपकीचे ज, व, ल, स, क उमटले आणि त्यांना यंत्राचे काने-मात्रे कसेतरी लटकले. ‘आ’ आणि ‘ई’ तर पूर्ण छापीलच. तुटलेले हात शिवून लावल्यासारखं दिसत होतं ते.

"काका," चष्मिश रडवेली होऊन म्हणाली, "हे काकूंना दाखवू नका."

त्यानं नाही दाखवलं. ठिपकीच्या वह्या घरात होत्या, ढीगभर; अक्षर तेच. पण त्या वह्यांत जे होतं ते लिहून संपलेलं होतं. त्यात आईला आज कुणी काही सांगत नव्हतं. आईनं एक वही उघडली, दोन पानं उलटली, आणि पुन्हा कपाटात सरकवली.

माणूस बुडताना काडीलाही हात घालतो. लिफ्टवाला पहिल्या मोबाइलवाल्याकडं परत गेला. "हस्ताक्षरासारखं दुसरं काही असेल तर घाला."

"फोनच्या कंपनीच्याच ऑनलाइन दुकानातला एक आहे ना, तो चालेल," मोबाइलवाला म्हणाला आणि त्यानं एक फॉन्ट बसवला. वळणदार, बारीक, गोड. "बघा की, अगदी हातानं लिहिल्यासारखं. बायकांना फार आवडतो हा."

फोन घेऊन तो घरी आला. बायकोच्या हातात देण्याआधी आपल्या फोनवरून लिहिलं, ‘आई, जेवलीस का?’ तिच्या फोनवर ते उमटलं. तिनं बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग मान वर करून विचारलं,

"ही कोण?"

त्यानं फोन परत घ्यायला हात पुढं केला.

"कुणाची पोर आहे ही? मला आई का म्हणतेय?"

"अगं, मी म्हटलं, जरा तरी..."

"काढून टाका," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आधी काढा ते."

त्यानं काढलं. सेटिंग, डिस्प्ले, अक्षरशैली, मूळ. आता ते त्याला पाठ झालं होतं. काढून फोन टेबलावर ठेवला. बाहेर अजून उजेड होता, खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज वर येत होता.

"तुम्ही लिहीत होता ते मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवशी. ठिपकी कधी म्हणाली का मला, डबा खा? ती तर माझ्या डब्यातलंच उचलून खायची. ठाऊक होतं, आणि नव्हतंही. सकाळी असायचं. दुपारी वर येऊन फोन उघडला की नसायचं."

"मग तो प्रश्न... तो कुणाला विचारत होतीस?"

"तुम्हाला. दुसरं कोण होतं तिथं?" तिनं त्याच्याकडं बघितलं. "तोंडानं विचारलं असतं तर तुम्ही पुन्हा तेच सांगितलं असतं. शांत गेली, झोपेत गेली. मला वाटलं, तिच्या अक्षरात खोटं लिहायला तुमचा हात धजायचा नाही."

"नाहीच धजला."

"हो. पण खरंही लिहिलं नाहीत." आणि मग तिनं तोंडानं विचारलं. "फार दुखलं का तिला?"

लिफ्टवाल्यानं टेबलाची कड धरली. इतके दिवस जे वाक्य आपोआप यायचं ते आता त्यानं बाजूला ठेवलं.

"दुखलं," तो म्हणाला. "खूप. दुपारपर्यंत. ओरडत होती. मग ओरडायचं बंद झालं, पण दुखणं बंद झालं नव्हतं. ते दिसत होतं."

"शुद्धीत होती?"

"होती."

"मला हाक मारली?"

"मारली."

"किती वेळ?"

"शेवटपर्यंत. नंतर नुसते ओठ हलत होते."

ती रडेल असं त्याला वाटलं. रडली असती तर त्याला जवळ जाता आलं असतं. पण तिनं फक्त मान हलवली, एकदा, एखाद्या चुकत आलेल्या हिशेबाचं उत्तर अखेर समजावं तशी. खाली गाडी धुणाऱ्यानं नळ बंद केला.

"त्या वेळी मी चादरी काढत होते," ती म्हणाली. "बायका गाणं म्हणत होत्या. मीही म्हणत होते."

"तुला कुठं माहीत होतं गं?"

"म्हणत होते, एवढंच सांगितलं."

त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. तिनं हात काढून घेतला नाही, पण उलटून धरलाही नाही. लाकडावर हात ठेवल्यासारखं त्याला वाटलं. खरं सांगितलं की छातीवरचं ओझं उतरतं म्हणतात. त्याचं काही उतरलं नाही. उलट इतके दिवस जे त्यानं एकट्यानं ऐकलं होतं ते आता तिच्याही कानांत गेलं, आणि तिथून ते काढायची सोय कुठल्याच दुकानात नव्हती.

सकाळी ती निघाली तेव्हा फोन टेबलावरच होता.

"फोन विसरलीस."

"नाही विसरले. तुमच्याकडंच राहू दे. मला आता त्यात वाचण्यासारखं काही नाही."

"अगं, पण काही लागलं, काही झालं तर?"

"व्हायचं काय राहिलंय?" ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

त्या दिवशी तो कामावर गेला, पण लक्ष लागेना. जेवणाची सुट्टी झाली असेल, असं वाटून फोन हातात घेतला. मग आठवलं, तिचा फोन आपल्याच पिशवीत आहे. लिहिलं असतं तर इथंच वाजला असता. काम अर्धवट टाकून तो हॉस्पिटलला गेला. मागच्या बाजूला, जिथं मळक्या चादरींच्या गाड्या उतरतात, त्या दाराशी उभा राहिला. आत वाफ होती, यंत्रांची घरघर होती. बऱ्याच वेळानं पाळी सुटली आणि बायका एकेक करत बाहेर पडल्या. ती सगळ्यांच्या मागून आली.

त्याला बघून थांबली. "कशाला आलात?"

"तुझ्याजवळ फोन नाही ना."

"मग? काही सांगायचं होतं?"

त्यानं विचार केला. काहीतरी असायला हवं होतं.

"नाही," तो म्हणाला.

"डबा खाल्ला नाही मी," ती म्हणाली, आणि पिशवी त्याच्या हातात दिली. पिशवी जड होती. ती पुढं चालू लागली. तो तिच्या मागून चालला.